चोवीस तासांचं गाव

अमेरिकेहून परतलेल्या बाईला आपण ठरलेले प्रश्न विचारतो. नायगरा पाहिलात का? स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात वरपर्यंत चढलात का? मैत्रिणींनो, मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. मी पाहून आले ते एक गाव, आणि तेही असं, की जे शुक्रवारी वसतं, शनिवार-रविवार नांदतं आणि सोमवारी तिथं जाऊन पाहावं तर नुसता निवडुंगाचा माळ! त्या गावाला म्हणतातच मुळी ‘चोवीस तासांचं गाव’. तंबू, मोटारी, शेगड्या, शेकोट्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, रडणारी मुलं, भुंकणारी कुत्री, सगळं काही त्यात असतं. आणि हा सगळा पसारा कशासाठी? तर सायकलच्या शर्यतीसाठी.

शर्यतीचं नाव ‘ट्वेंटी-फोर अवर्स इन द ओल्ड प्वेब्लो’. ‘ओल्ड प्वेब्लो’ हे अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराचं लाडकं नाव. स्पॅनिश भाषेत प्वेब्लो म्हणजे गाव. १७७५ साली स्पॅनिश लोकांनी तिथं आपली गढी बांधली, म्हणून ते आपलं ‘जुनं गाव’. शर्यत मात्र शहरात होत नाही. उत्तरेला मोटारीने तासाभराच्या अंतरावर ऑरॅकल नावाची छोटी वस्ती आहे. तिच्या पलीकडे हमरस्ता सोडायचा, धुरळा उडवत कच्च्या रस्त्याने बरेच मैल आत जायचं, तेव्हा कुठे ते ठिकाण येतं.

२०२० सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. आमच्या ‘ह्यां’चं ऑफिसचं काम फिनिक्सला निघालं, तेव्हा मीही शाळेतून तीन आठवड्यांची रजा काढली (अर्धवेळ शिक्षिकेची रजा बिनपगारीच असते, ते असो) आणि टूसॉनला वन्संकडे राहायला गेले. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तेव्हा वय ४७, दोन कॉलेजात जाणारी मुलं, स्वतःची नोकरी. मिरजेला असताना कॉलेजला सायकलवरून जायच्या, एवढाच त्यांचा नि सायकलचा संबंध. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. व्यायाम म्हणून रोज थोडी सायकल चालवा, असं डॉक्टर म्हणाले. वन्संनी ते जरा जास्तच मनावर घेतलं!

मी पोचले त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “हे बघ, येत्या शनिवारी माझी शर्यत आहे. रात्रीसुद्धा चालवायची आहे. मिरजेला आईला यातलं अक्षर कळवायचं नाही.” आता सासूबाई दर आठवड्याला हे साप्ताहिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, तेव्हा कळायचं ते कळणारच. वन्संना विचारूनच लिहिते आहे, बरं का!

शर्यतीची रीत अशी. शनिवारी दुपारी बाराला सुरुवात, रविवारी दुपारी बाराला शेवट. सुमारे १६ मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबाने २६ किलोमीटरच्या आसपासची, एक फेरी. चोवीस तासांत ज्याच्या जास्त फेऱ्या तो पुढे. काही महाभाग एकट्याने चोवीस तास चालवतात, काही जोडीने, बाकीचे चौघापाचांचा संघ करून पाळीपाळीने. एकाने फेरी पुरी करून यायचं, मोठ्या तंबूत थांबलेल्या दुसऱ्याच्या हातात छोटी दांडी द्यायची आणि दुसऱ्याने निघायचं. वन्संच्या संघात चौघी बायका होत्या. एक शाळामास्तरीण, एक नर्स, एक बागकामाचं दुकान चालवणारी आणि चौथ्या आमच्या वन्सं. चाळिशीच्या आत कोणीच नाही.

आणि सायकल म्हणजे आपली दूध आणायची सायकल नव्हे. तिला माउंटन बाइक म्हणतात. टायर चांगले मनगटाएवढे जाड, पुढच्या चाकाला धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा. सगळ्यात गंमत वाटली ती टायरची. आत ट्यूबच नाही! ताकासारखं पांढरं द्रव भरलेलं असतं. काटा घुसून भोक पडलं की हवेच्या जोराने ते द्रव भोकाशी धावतं, तिथंच घट्ट होतं आणि भोक बुजतं. पंक्चरवाला शोधायचं कारणच नाही. त्या माळावर ट्यूबची सायकल नेली असती, तर पहिल्याच मैलात चाळण झाली असती.

तुम्ही म्हणाल, फेब्रुवारीच्या थंडीत हे कसलं वेड? तेच तर मला पहिल्यांदा कळेना. कारण असं आहे, की त्या देशाचा उत्तरेकडचा केवढा तरी भाग तेव्हा बर्फाखाली असतो. सायकलवाली मंडळी नोव्हेंबरपासून घरात, नाहीतर गॅरेजात, एका जागी खिळवलेल्या सायकलवर पाय मारत बसलेली असतात. टूसॉनच्या वाळवंटात मात्र या दिवसांत दुपारी छान ऊन पडतं. उन्हाळ्यात तिथं पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ही शर्यत होणंच शक्य नाही. शिवाय शेपटी खुळखुळवणारे विषारी साप थंडीत बहुतेक बिळातच असतात. म्हणून वर्षाची पहिलीवहिली मोठी शर्यत इथं, अशी कितीजणांची प्रथा झाली आहे.

पण हंगामाच्या सुरुवातीची म्हणून तिची एक खोड आहे, ती मला त्या नर्सबाईंनी समजावून दिली. हिवाळाभर कोंडलेलं माणूस मोकळ्या वाटेवर सुटलं की पहिली फेरी जीव तोडून मारतं. अंगाला सवय उरलेली नसते, हाताचे तळवे नि कंबर अजून मऊ असते. दुसऱ्या फेरीला पायात गोळे येतात आणि रात्री पोटात अन्न ठरत नाही. त्यातून दिवस लहान. सव्वासहाला सूर्य मावळतो तो सकाळी सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे चोवीसातला निम्मा वेळ अंधाराचा, आणि अंधार म्हणजे गारठा. वाळवंटातली हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसाची ऊब धरून ठेवायला ढगाची गोधडीच नाही, त्यामुळे सूर्य गेला की तासाभरात स्वेटर नि कानटोपी शोधायची वेळ येते. तेव्हा ही शर्यत दांडगाईची नव्हे, निगुतीची. भूक लागण्याआधी खायचं, घामट कपडा अंगावर वाळू द्यायचा नाही, आपली पाळी येण्याआधी दिव्याची बॅटरी भरलेली आहे ना ते बघायचं. हे ऐकल्यावर माझ्या मनात आलं, अगं बाई, मग यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे!

शुक्रवारी दुपारी आम्ही निघालो. वाटेत ऑरॅकलजवळ काचेचा एक प्रचंड महाल आहे, बायोस्फिअर-२ नावाचा. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं चार पुरुष आणि चार स्त्रिया त्यात स्वतःला बंद करून घेऊन, आतच शेती पिकवून राहिल्या होत्या. स्वयंपाक कोणाकडे होता, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. चौकशी केली तेव्हा पाळीपाळीने करत असत, असं कळलं. बरं वाटलं.

तंबूच्या जागेवरून दक्षिणेला सांता कॅटालिना पर्वताची रांग दिसते. तिचं सगळ्यात उंच शिखर माउंट लेमन. ९,००० फुटांच्या वर उंची आहे, हिवाळ्यात माथ्यावर बर्फ असतं. मला वाटलं लिंबाशी काही संबंध असेल! पण हे एका बाईचं आडनाव आहे. सारा लेमन ही वनस्पतिशास्त्र जाणणारी बाई १८८१ साली नवऱ्याबरोबर मधुचंद्राला या पर्वतात आली, झाडंझुडपं गोळा करत. टूसॉनच्या बाजूने चढ काही साधेना. तेव्हा नवराबायको वळसा घालून ऑरॅकलच्या बाजूला आली आणि एका स्थानिक गुराखी-शेतकऱ्याच्या मदतीने माथ्यावर पोचली. शिखराला नाव पडलं ते तिचं. दिवसभर ते शिखर डोळ्यासमोर होतं, आणि दर वेळी मला लांब झग्यातली सारा लेमन दिसायची.

आता निवडुंगाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. आपल्या मिरज-सांगलीकडे बांधावर फड्या निवडुंग असतो ना, लाल बोंडांचा, त्याचं माहेर अमेरिका खंडातलंच. त्याला तिथं पाहून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पण त्याचा एक भाऊबंद आहे, चोया नावाचा, तो मात्र अवली. लांबून दिसतो मऊ, लोकरीचा गुंडा असावा तसा, उन्हात सोन्यासारखा चमकतो. अंगभर काटे आणि प्रत्येक काट्याला गळासारखी उलटी कुसं. फांदीचे पेर इतके सैल जोडलेले, की नुसता कपडा लागला तरी अख्खा पेर तुटून अंगाला चिकटतो. लोक म्हणतात हा उडी मारतो. उडीबिडी काही नाही. तुटून कोणाच्या तरी अंगावरून लांब जायचं, गळून पडायचं आणि तिथं मूळ धरायचं, ही त्याची वंश वाढवायची तऱ्हा. शर्यतीची वाट या चोयांच्या मधून जाते, जागोजागी एवढी अरुंद की हँडल जेमतेम मावेल.

चोयाचा पेर हाताने ओढला तर तो हाताला चिकटतो. मग काढायचा कशाने? कंगव्याने! पेराच्या नि कातडीच्या मधे कंगव्याचे दात सरकवायचे आणि एका झटक्यात उडवायचा. त्या गावात प्रत्येकाच्या खिशात कंगवा होता, अगदी टक्कल पडलेल्या गृहस्थांच्यासुद्धा. आणि याच चोयाच्या कळ्या तिथले मूळ रहिवासी, टोहोनो ओओडम जमातीचे लोक, वसंतात खुडून, काटे घासून काढून, भाजून-वाळवून खातात. त्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतं. पहिल्यांदा हे करून पाहणारी बाई केवढ्या चिकाटीची असेल!

स्वयंपाकाचं खातं मी आपण होऊन मागून घेतलं. तिथं लोक वेष्टणातल्या गोड पेस्टा चोखतात. एक मी चाखून पाहिली, खोकल्याच्या औषधाला लाजवील अशी चव. सायकलवर असताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायला हवं, नाहीतर अंगातली शक्ती एकाएकी संपते, असा हिशेब आहे. मी म्हटलं, मग खजूर, गूळ, केळं यांनी काय घोडं मारलंय? घरून खजूर-दाण्याचे लाडू वळून नेले होते, ते खिशात राहतात आणि थंडीतही दगड होत नाहीत. लिंबू, साखर, मिठाचं सरबत बाटल्यांतून. आणि मुख्य म्हणजे वन्संचा तीन लिटरचा कुकर. शनिवारी सकाळी त्यात मऊ मुगाची खिचडी लावली. पहिली शिट्टी झाली मात्र, शेजारच्या तंबूतले दोघे दचकून बाहेर आले. दुसऱ्या शिट्टीला वाट्या घेऊन आले!

बाराला शर्यत सुटली. मजा म्हणजे सायकलवर बसून नव्हे. मोटारींच्या जुन्या ल माँ शर्यतीसारखं आधी पळत जायचं, आपली सायकल गाठायची आणि मग टांग मारायची. शेकडो माणसं हेल्मेट नि बूट घालून धावत सुटली, धुळीचा असा लोट उठला की आमची शाळामास्तरीण कुठली ते ओळखेना. सुरुवातीलाच सात टेकड्यांची माळ आहे, एकामागून एक चढ नि उतार. त्या टेकड्यांना सायकलवाल्यांनी जे नाव ठेवलंय ते बायकांच्या साप्ताहिकात छापण्याजोगं नाही. नंतर चोयातली वाट, मग शेवटचा लांब चढ, आणि गाव दिसायला लागलं की एक मोठा खडक. धीट असेल त्याने सरळ खडकावरून सायकल खाली सोडायची, नाहीतर बाजूच्या वळशाने यायचं. तिथं खुर्च्या टाकून बसलेली माणसं प्रत्येकाला ओरडून उत्तेजन देतात. एवढी फेरी व्हायला आमच्या चौघींना प्रत्येकी पावणेदोन-दोन तास लागत होते.

वन्संची पहिली फेरी साडेतीनला सुरू झाली. जाताना एवढंच म्हणाल्या, “पहिलीला राखून.” तरणीताठी मुलं त्यांना मागे टाकून जाताना दिसली. वन्सं आपल्या गतीने गेल्या, सव्वापाचला आल्या, कपडे बदलले, वाटीभर खिचडी खाल्ली आणि पाय वर करून पडून राहिल्या.

त्यांची दुसरी पाळी रात्री अकराला. हेल्मेटवर एक दिवा, हँडलवर एक दिवा. डोंगरातून दिव्यांची रांग हलत होती, आपल्याकडे ज्योतिबाला रात्री चढणाऱ्या माणसांची दिसते तशी. एकपर्यंत त्या यायला हव्या होत्या. वन्संचे यजमान आणि मी दांडी बदलायच्या तंबूत जाऊन उभे राहिलो. पुढे जायची पाळी दुकानवाल्या बाईंची होती. त्या तुटपुंज्या कपड्यांत, अंगावर ब्लँकेट घेऊन, जागच्या जागी पाय हलवत होत्या. माणसं येत होती, चेहऱ्यावर धुळीची पुटं, नाकाखाली गोठलेलं पाणी. नंबर पुकारला जाई, दांडी हातात पडे, दुसरा निघे. एक वाजला. डोंगरामागून अर्धा चंद्र वर आला. आपल्याकडे महाशिवरात्र आठवड्यावर आली होती. सव्वा वाजला, दीड वाजला. फोन लागत नव्हता. यजमान काही बोलत नव्हते, नुसते घड्याळाकडे पाहत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो शस्त्रक्रियेचा गुडघा, आणि सासूबाई.

मग एक मुलगा फेरी संपवून आला आणि आपण होऊन विचारलं, हिरव्या जाकिटातल्या बाईंची माणसं कोण? म्हणाला, वाटेवर पडल्या आहेत, हाडबीड मोडलेलं नाही, चोया लागलाय, एक बाई त्यांच्याजवळ थांबली आहे. दोनला दहा कमी असताना वन्सं आल्या. एका हाताने हँडल धरून, पण सायकलवर. दांडी दिली आणि मग खाली बसल्या. डावा दंड नि मांडी काट्यांनी भरली होती. दंडाच्या मागच्या बाजूला कंगवा पोचत नव्हता. दुसऱ्या संघातली एक अनोळखी बाई स्वतःच्या शर्यतीतली पंधरा मिनिटं घालवून तिथं अंधारात पेर उडवत बसली होती. तिचं नाव विचारायचंसुद्धा राहून गेलं.

उरलेले काटे नर्सबाईंनी शेगडीच्या उजेडात पक्कडीने काढले. तेवीस निघाले, मी मोजले. उलट्या कुसांमुळे प्रत्येक काटा निघताना कातडी वर ओढली जायची. वन्संनी माझा हात असा आवळला होता, की बांगडीचा वळ उठला. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ‘अहो वन्सं’ म्हणताना मी नेहमी दोन पावलं लांब उभी असते. त्या रात्री तसं काही राहिलं नाही. यजमान म्हणाले, “आता बास. तिघी करतील पुढचं.” तिघीही तेच म्हणाल्या. मलाही तेच म्हणायचं होतं. वन्संनी फक्त सांगितलं, “साडेसातला उठव मला.”

उठवलं. हात सुजला होता. नर्सबाईंनी सायकलचा ब्रेक दाबून दाखवायला लावला, दहा वेळा. अंगठा नि बोटं पुरी मिटतात अशी खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, जा, पण उतारावर घाई नको. वन्संनी गरम खिचडी उभ्या-उभ्याच खाल्ली, खिशात दोन लाडू टाकले आणि आठाला पाच कमी असताना निघाल्या. कोवळ्या उन्हात चोयाचे गुंडे असे लखलखत होते की पाहत राहावं, पण मला त्यांचा रागच आला होता.

मी खडकापाशी जाऊन बसले. दहाच्या सुमाराला हिरवं जाकीट दिसलं. खडकाच्या तोंडाशी वन्संनी क्षणभर ब्रेक लावला, खाली पाहिलं आणि सरळ वळशाची वाट धरली. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. दोन तास दहा मिनिटं लागली होती. चौघी मिळून बारा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि साडेअकराच्या पुढे निघालेली शाळामास्तरीण तेरावी पुरी करून आली. यादीत नाव मधोमध कुठेतरी. चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. नंतर कळलं, की शाळामास्तरणीच्या पायात शनिवारी संध्याकाळपासूनच गोळे येत होते आणि ती बोलली नव्हती.

तुमच्यापैकी कुणाचं लेकीकडे, भावाकडे अॅरिझोनाला जाणं झालं, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. दिवसा सुती कपडा पुरतो, पण रात्रीसाठी लोकरी मोजे नि कानटोपी न्याच. माळावर फिरताना पायात बंद बूट हवेत, पदर-ओढणी खोचलेली हवी, आणि पर्समध्ये रुंद दातांचा कंगवा. बारीक फणी उपयोगाची नाही. काटे लागलेले कपडे घरी आल्यावर एकदम यंत्रात टाकू नका, कुसं बाकीच्या कपड्यांत शिरतात. आधी बाहेर झटकायचे, कंगवा फिरवायचा. आणि फड्या निवडुंगाची केसासारखी बारीक कुसळं हाताला लागली, तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची, दोन-तीन वेळा. वन्संच्या हिरव्या जाकिटाला मी सोमवारची अख्खी दुपार घातली, तरी बाहीच्या शिवणीत दोन राहिलीच होती.